लेन्सचा रकाना

आमच्या गव्हाणच्या घरात पहिला पदवीधर मी. हे मी अजूनही न लाजता सांगतो, कारण ते मला कोणी फुकट दिलेलं नाही. बी.कॉम. झालो आणि भावकीतले, शेजारचे, सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे यायला लागले. रेशन कार्ड, गॅस, पोरांचे शाळाप्रवेश. इंग्रजी फॉर्म दिसला की लोक आधी माझं घर विचारायचे. मला ते आवडायचं.

माझा एक मित्र उरणजवळच्या मोरा बंदरातला कोळी. शाळेसाठी गव्हाणला मामाकडे राहायचा, आम्ही एका बाकावर. दहावीला तो राहिला, पनवेलला एका घड्याळजीच्या हाताखाली शिकला आणि पुढे बाजारात चार फूट रुंदीचं स्वतःचं दुकान टाकलं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलो. तो मला ग्रॅज्युएट म्हणायचा. चिडवायला की मानाने, ते कधी कळलं नाही.

नोकरीत कायम झाल्यावर मी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, नवा छोटा कॅमेरा घेतला, सोबतच्या झूम लेन्ससकट. बटण अर्धं दाबलं की फोकस आपोआप. वर्षभरात त्यानेही तोच कॅमेरा घेतला, जुना, कोणीतरी वापरलेला, आणि लेन्सशिवाय. मी हसलो. "लेन्स काय मामा देणार का?"

"हाय माझ्याकडं," तो म्हणाला.

उरणचा एक फोटो स्टुडिओ बंद होताना त्याने रिळाच्या कॅमेऱ्याची एक लेन्स आणली होती. सगळी धातूची, आट्यांची, आत बुरशीचं जाळं. घड्याळाच्या चिमट्यांनी त्याने ती खोलली, एकेक काच पुसली, पुन्हा जोडली. पोस्टाने एक ॲडॅप्टर मागवला. ॲडॅप्टर म्हणजे फक्त एक कडी, एका बाजूला लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची खाच. सगळं बसलं, पण फोटो निघेना. बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून कॅमेरा घेऊन तो माझ्याकडे आला. मी वाचून काढलं: त्या कडीतून कॅमेऱ्याला काही कळत नाही, त्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. मेनूत आत एक सेटिंग होतं, लेन्स नसतानाही फोटो काढू दे, असं. ते मी चालू करून दिलं. म्हणजे त्याची वाट मीच मोकळी केली.

मग त्याचे फोटो यायला लागले. फोकस हाताने फिरवायचा, पडद्यावर चित्र मोठं करून बघायचं, पुन्हा फिरवायचं. मी वीस काढायचो तेवढ्यात त्याचा एक. पण त्या एकात काहीतरी असायचं. एक त्याच्या आईचा होता. मोऱ्याच्या धक्क्यावर ती मासळी निवडत बसलेली, मागे होड्यांचे दिवे विरघळून गोल गोल झालेले, आणि फोकस कुठे, तर तिच्या भुवईला चिकटलेल्या एका खवल्यावर. मी तो फोटो त्याच्या दुकानात उभ्याने पाहिला आणि म्हणालो, "बरा आहे." घरी येऊन माझे ट्रकतळाचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. दहावी नापास माणसाला जे दिसतं ते मला का दिसू नये, हे मला सहन होत नव्हतं.

पनवेलच्या एका वाचनालयाने छायाचित्रांची स्पर्धा ठेवली. निवडलेले फोटो सभागृहात लागणार होते. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळे तो माझ्याकडे आला.

"लेन्सच्या पुढं लिव, पन्नास एमएम, जुनी, आट्यांची," तो म्हणाला. "अपर्चर चार."

"घरी नीट भरतो," मी म्हटलं.

घरी भरला. नाव, गाव, फोन नंबर माझा, कारण त्याचा कधी लागायचा नाही. लेन्स आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ठेवलं, हे दोन रकाने मी कोरे सोडले. खाली छापलं होतं, अपुरा अर्ज बाद. ते मी वाचलं होतं. माझाही फॉर्म त्याच पाकिटात घातला, पूर्ण भरलेला, आणि दोघांच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह.

आठवड्याने मी त्याच्या दुकानात बसलो असताना फोन आला. माझ्या फोनचा आवाज असा की समोरच्यालाही ऐकू जायचं.

"धक्क्यावरच्या बाईंचा फोटो. यांचे दोन रकाने रिकामे आहेत," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा स्वतः नोंद करतो, तिथेही लेन्सची जागा कोरी, अपर्चर शून्य. आमच्या एका परीक्षकांना वाटतं, फोटो कुठून तरी उचललाय. दोन्ही अर्जांवर नंबर तुमचाच आहे, तुम्ही ओळखता का यांना?"

मित्राने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

'कल्पना नाही' हे दोन शब्द जिभेवर होते. तो समोर नसता तर मी ते बोललो असतो. पण तो समोर होता. मग मी सगळं सांगितलं: लेन्स जुनी, हाताने फिरवायची, मधली कडी मुकी, म्हणून फाइलमध्ये काही उतरत नाही, पन्नास एमएम, अपर्चर चार. इतकं नीट त्यालाही सांगता आलं नसतं. ते गृहस्थ म्हणाले, "मग हे लिहायचं ना राव."

फोन ठेवला. मित्र म्हणाला, "मी तर सांगितलेलं तुला."

"राहून गेलं."

"तुझ्याकडनं?"

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

फोटो लागला, दारासमोरच्या भिंतीवर. माझा मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी. त्याची आई मोऱ्याहून आली, फोटोपुढे उभी राहिली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, खवला तरी पुसायला सांगायचा व्हतास." लोक हसले. मग ती माझ्याकडे वळली. "तू लिवून दिलंस म्हणून झालं रे बाबा." तो शेजारीच होता. तो फोटोकडेच बघत राहिला.

पुढच्या वर्षीचा फॉर्म त्याने माझ्याकडे आणला नाही. मी घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो तेव्हा तो फॉर्म काउंटरवर पडला होता, मी उलट्या बाजूने वाचला. सगळे रकाने भरलेले, अक्षरं कॅपिटल, वाकडीतिकडी. पट्टा बसवून होईपर्यंत मी चूक शोधत होतो. एका ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही.