लाईट धरणाऱ्याचा आवाज

मंडळी, हसू नका, पन आज मोबाईलवर माझा नवरा माझ्यावर खेकसला. त्येंना जाऊन नऊ वर्सं झाली.

शेजारची पल्लवी कॉलेजात फिल्म शिकती. तिला जुन्या लग्नांवर फिल्म करायचीय. म्हनून माझ्या ननंदेच्या लग्नाची, नव्वदच्या सुमाराची कॅसेट घेऊन गेल्ती. लावायला मशीनच न्हाई, पेटीत पडून हुती. आज तिनं त्यातला तुकडा कॉम्प्युटरवर चढवून गावाच्या ग्रुपवर टाकला.

मी अक्षतांचं ताट घेऊन उभी, मान खाली. तेवढ्यात आवाज येतो, "अगं ए, वर बघ की! लाजतीस काय?"

पल्लवीनं खाली लिवलं, "हा आवाज कोणाचा? हा माणूस कॅसेटमध्ये दिसतच नाही."

दिसंल कसा? शूटिंगवाल्याचा जोडीदार आलाच न्हवता. मग बहिणीच्या लग्नात ह्यांनीच दिवसभर लाईट धरला. मी म्हनलं, "हात दुखंल, द्या की दुसऱ्याकडं." तर म्हनं, "मग तू नीट दिसशील का?"

भिंतीवर त्येंचा फोटू हाय, पन आवाज कुठंच न्हवता.

पोरांनी ग्रुपवर चिडवलं, "काकू कॅमेऱ्याला लई लाजत्यात!"

मी लिवलं, "कॅमेऱ्याकडं कोन बघतंय? मी लाईटवाल्याला लाजत हुते."

आतापतुर अकरा येळा ऐकलं. तुमच्या घरच्या कॅसेटीत लाईट कोनी धरला हुता वो? सांगनारं मानूस हाय तवर इचारून घ्या.