वय तेच, म्हातारपण वेगळं

सुधाच्या गळ्यातली गाठ साधीच निघाली, असं डॉक्टरांनी आज सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघी जुळ्या बहिणी गच्चीत जाऊन बसलो. सुधा शाळेत विज्ञान शिकवते. अंधार पडताच तिने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि रोहिणीजवळचा तारकापुंज दाखवला. बहुतेक तारे पांढरे होते, तीन-चार मात्र केशरी.

"हे म्हातारे का गं?" मी विचारलं.

"हो. जन्मले सगळे एकदमच. पण ज्याचं वस्तुमान जास्त, त्याचं इंधन लवकर संपत येतं. मग तो फुगतो, तांबूस होतो, राक्षसी तारा होतो."

"म्हणजे जन्म बरोबर, पण वय वेगळं."

"वय तेच. म्हातारपण वेगळं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस केव्हाच पांढरे झालेत, माझे अजून बरेचसे काळे आहेत. बरोबर आलेली ही माझ्याआधी निघून जाणार, या धास्तीने गेले कित्येक दिवस मला झोप नव्हती. कुणीतरी आधी जाणारच. पण ते केशरी तारे अजून आपल्या भावंडांतच होते, आणि सगळ्यांत ठळक दिसत होते.

"उद्या मंडईत येतेस?" सुधाने विचारलं.

"येते," मी म्हटलं. एवढंसं बोलताना मला किती हलकं वाटलं.