नत्थुजींचं गेममधलं वावर

आमच्या ह्यांना, म्हणजे नत्थुजींना, तुम्ही ओळखत असाल तर तुम्हाला माझी दया येईल, आणि ओळखत नसाल तर त्यांची. माणूस सदुसष्ट वर्षांचा. परतवाड्यात घर, चांदूर बाजारच्या रस्त्याला चारशे झाडांचा संत्र्याचा बगीचा. दिवसाउजेडी हे खाटेवर आडवे झालेले मी कधी पाहिले नाहीत, आणि खेळ म्हणाल तर पत्ते कुटणाऱ्यांनासुद्धा हे तोंडावर रिकामचोट म्हणायचे. आमची रागिणी दहावीत असताना मोबाईलवर गेम खेळताना सापडली, तर ह्यांनी तो मोबाईल उचलून थेट विहिरीत टाकला. पोट्टीने दोन दिवस जेवण सोडलं. हे म्हणाले, "सोडू दे. गेम खेळून कोणाचं भलं झालं?"

त्याच माणसाची हकिकत सांगते आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला अमरावतीला ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाटी बदलली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आमचं काम होतं, गुडघा वाकवणं तुमचं. रोज व्यायाम केला तर महिना-सव्वा महिन्यात बगीच्यात जाल, नाही केला तर गुडघा आखडेल, मग पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल. हे "हो साहेब, हो साहेब" करत राहिले. डॉक्टरांसमोर हे फार गरीब असतात.

घाई खरं तर ह्यांनाच होती. थंडीत आम्ही संत्र्याला ताण देतो. म्हणजे झाडाचं पाणी बंद करायचं, त्याला तहानेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं. तो दिवस साधला तर झाड फुलांनी भरतं, आंबिया बहार म्हणतात त्याला. चुकला तर बहार तरी जातो नाही तर झाड तरी. चाळीस वर्षं तो दिवस ह्यांनीच ठरवला, झाडाखाली उभं राहून, पान बोटांत चुरून. यंदा तो दिवस संक्रांतीच्या आसपास येणार होता. तोवर हे आपल्या पायाने झाडाखाली उभे राहतात की नाही, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता.

अशा वेळी पुण्याहून रागिणीने बापासाठी आपला टॅब पाठवला, पाच-सहा गेम भरून. मला फोनवर म्हणे, "आई, हे कोझी गेम आहेत. उबदार. यात कोणी घाई करत नाही, कोणी ओरडत नाही, मनाला शांत वाटतं." मी म्हटलं, "बाई, एप्रिलात ये, ऊब मी दाखवते." पण बाप दिवसभर खाटेवरून मजुरांना फोन करून शिव्या घालत होता. म्हटलं, शांत होत असेल तर होऊ दे.

पहिला गेम शेतीचा. त्यातल्या माणसाला गावाबाहेर फुकट वावर मिळतं. सातबारा नाही, वाटणी नाही, भाऊबंदही नाहीत. भोपळा पेरला की चौथ्या दिवशी डोक्याएवढा. ह्यांनी दोन दिवस त्या गेमचा उद्धार केला. "हे शेती होय काय वो? रानडुक्कर नाई, लाइन जात नाई, झाडाले डिंक्या रोग होत नाई. असं वावर असतं तर मी मेल्यावरही करत राहिलो असतो." आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी टॅब मागितला.

त्या गावातली माणसंही भलती गोड. रोज एक मुळा नेऊन द्या, तुमच्यावर जीव टाकतात. त्यात एक औषधाच्या दुकानातली बाई होती, जांभळ्या केसांची. हे रोज तिला फूल नेऊन द्यायचे. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणे, "तिच्या मनात आपली जागा वाढते. तसा नेम हाय." मी म्हटलं, "असा नेम इथेही आहे, तुम्हाला कोणी सांगितला नाही वाटतं." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. मोगऱ्याचा एक गजरा ह्यांनी आणला नाही, आणि त्या बाईला चौदा दिवसांत चौदा फुलं. रागिणी हसून सांगते, "आई, त्या गेममध्ये लग्नसुद्धा करता येतं." वा! एवढंच राहिलं होतं.

मग झाला तो प्रकार. गेममधल्या वावरात रागिणीने संत्र्याची बारा झाडं लावली होती. तीन वर्षं जपलेली. ह्यांनी एक दिवस त्यांचं पाणी बंद केलं. मला बोलावून दाखवलं, "पाह्य, पानं कसे सुकून राहिले. लोकं येड्यासारखे रोज पाणी घालते. आता दोन दिवसांनी पाणी सोडतो, मंग पाह्यजो बहार." चेहऱ्यावर असा आनंद की मी सुद्धा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाराही झाडं काळी पडली, आणि पडद्यावर एक रडकं तोंड आलं.

रागिणीचा फोन आला. ती खरंच रडकुंडीला आली होती. "बाबा, माझी सगळी झाडं मारली तुम्ही!"

"म्या नाई मारले," हे गरजले. "तुह्या कंपनीवाल्याले बहार समजत नाई. संत्रं ठेवलं अन् ताण ठेवला नाई. भैताड लेकाचे!"

त्या दिवशी ह्यांनी दुपारचं जेवण केलं नाही. खोट्या झाडांसाठी. मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि देवाला हात जोडले.

ह्या सगळ्यात व्यायाम कुठे होता, असं तुम्ही विचाराल. व्यायामासाठी अचलपूरहून ललित यायचा. फिजिओथेरपिस्ट, तिशीचा, फार सभ्य माणूस, म्हणून तर ह्यांच्या हाती लागला. "काकाजी, करायचं ना?" असं तो रोज विचारी, आणि रोज ह्यांच्याकडे दुसरं महत्त्वाचं काम असे. झाडं मेली त्या दिवशी ह्यांनी त्याला खाटेजवळ बसवून गेमच्या कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायला लावली. ताण म्हणजे काय, किती दिवसांचा, काळ्या मातीत किती, हलक्या मातीत किती. दीड पान झालं. गुडघा राहिला तसाच. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, ललितने वाचून दाखवलं: सूचनेबद्दल आभार, आपला दिवस उबदार जावो. ह्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ह्याईच्या घरी म्हातारं माणूस नसन कोणी."

मांजरांच्या चहाच्या दुकानाचाही एक गेम होता. मांजरं येतात, चहा पितात, धन्यवाद म्हणून जातात. नत्थुजींचा अभिप्राय असा की चहात दूध दिसत नाही आणि गिऱ्हाईक नुसतं बसून राहतं. तो गेम अर्ध्या तासात संपला.

पाचवा आठवडा लागला. ललितने कोन मोजला. साठ अंश. नव्वद हवे होते. जाताना दाराशी तो मला हळूच म्हणाला, "काकू, सोमवारी डॉक्टरांनी बोलावलंय. असंच राहिलं तर ते भूल द्यायचंच म्हणतील."  आत आले तर हे मान खाली घालून खेळण्यात गुंग.

आता साहसाचा गेम चालू होता. एक माणूस डोंगरातल्या पडक्या देवळात चढतो. दगड निसटतो, माणूस दरीत. पुन्हा पहिल्यापासून. पूल तुटतो, माणूस नदीत. पुन्हा पहिल्यापासून. मी दाराला टेकून मोजायला लागले. बारा, तेरा, चौदा. ज्या माणसाला वरणात मीठ कमी पडलं तर दुसरा घास घेववत नाही, तो त्या दरीत न कुरकुरता पडत होता. एकविसाव्या खेपेला माझी सहनशक्ती संपली.

"अजी," मी म्हटलं, "तिथं एकवीस खेपा मेले. इथं दहा खेपा गुडघा वाकवत नाही. तुमाले लाज कशी वाटत नाही? तो पोरगा रोज अचलपूरहून येते, तुमी त्याले कारकून करून ठेवलं. सोमवारी पुन्हा टेबलावर घेतील तुमाले, मग बसा त्या जांभळ्या बाईले फुलं देत!"

मला वाटलं, आता टॅब भिंतीवर येतो. पण ह्यांनी तो पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तठी मेलं तर दुखत नाई वो," हे म्हणाले. "पयल्या दिवशी ललितनं वाकवला तवा मी रडलो. त्याच्यासमोर. तू सयपाकघरात होती. मले भेव लागते, वच्छे. असं भेव मले कधी नाई लागलं."

बेचाळीस वर्षांत ह्या माणसाने कशाला भितो म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं झोंबणारं, ते मी गिळलं. मला त्यांचा फार कळवळा आला. मी जाऊन खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्या दिवशी दहा खेपा वाकवला. दहाही खेपा त्यांनी माझ्या माहेरच्या सगळ्यांची नावं घेतली. मी घेऊ दिली.

दुसऱ्या दिवशीही केलं, तिसऱ्याही. पण ताण कोणासाठी थांबत नाही. बगीच्यात रोज सकाळी मीच जात होते, पानांचे फोटो आणून दाखवत होते. हे फोटो मोठा करून पाहायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिवस." शनिवारी मी झाडं पाहिली आणि मला ते पटेना. मी घरी येऊन म्हटलं, आज पाणी सोडायचं. हे म्हणाले, "तुले काय समजते त्याच्यातलं? चार दिवस म्हटलं ना!"

"मग चला अन् स्वतः पाहा," मी म्हटलं.

ऑटो केला. रस्त्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बगीच्याच्या बांधापर्यंत, हे वॉकर घेऊन आले, पाय काठीसारखा ताठ. पुढे काळी माती फाटून हातहातभर भेगा पडलेल्या, वॉकर चालेना. हे धुऱ्यावर उभे राहिले आणि कडेच्या झाडाचं पान चुरून म्हणाले, "पाह्य, चार दिवस."

"कडेच्या झाडांचं सांगू नका. मधल्या ओळीत फांद्यांची टोकं वाळून राहिली आहेत."

"नाई."

"आहेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मधल्या ओळीकडे पाहिलं. मग वॉकर धुऱ्यावर सोडून माझ्या खांद्यावर हात टाकला. तीस-पस्तीस पावलं असतील. एका हाताने मी त्यांना धरलं होतं, दुसऱ्याने फांद्या बाजूला करत होते. मधल्या झाडापाशी फांद्या खाली झुकलेल्या, आतली टोकं दिसायची तर वाकायलाच हवं. हे वाकले. गुडघा कुठवर गेला ते मोजायला ललित नव्हता, पण ह्यांनी तिथून त्याला जी हाक मारली ती अचलपुरात ऐकू गेली असेल.

आतली टोकं वाळलेली होती. काडी त्यांच्या बोटांत कट्कन मोडली. हे तसेच वाकून ती मोडकी काडी पाहत राहिले.

"तुले कवापासून समजते हे?"

"एकतीस वर्षांपासून. तुमच्यामागे दरवर्षी येते ना मी. तुमी कधी इचारलं काय?"

हे झाडाला धरून सरळ उभे राहिले, श्वास घेतला. मला वाटलं, आता काहीतरी खोचक येणार, आणि मीही कंबर कसून तयार होते. पण ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि अगदी हळू विचारलं,

"मंग... किती येळ सोडायचं पाणी? तू सांग."

बेचाळीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझा सल्ला विचारला होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. "दोन तास," मी म्हटलं. "पहिलं पाणी हलकंच द्यायचं असते." हे मान हलवून म्हणाले, "बरं." आणि मी मोटर लावायला गेले.