अडुळशाला घातलेली पेज

शहाडच्या चाळीत आमच्या दाराशी सासूबाईंनी अडुळसा लावला होता. पांढऱ्या फुलांनी दार शोभायचं, आणि थंडीत त्यांचा दमा उसळला की त्याचीच पानं वाफवून, पिळून, रस मधातून घ्यायच्या. समोरच्या काकू एकट्या राहायच्या. रोज चार पानं तोडायला म्हणून यायच्या आणि तासभर पायरीवर बसायच्या. दोघींचा लाडका विषय म्हणजे मी.

"काय गं, आज भाकरी केलीस की नकाशा?" काकू विचारायच्या. सासूबाई खोकला लागेपर्यंत हसायच्या.

मी बावीस वर्षांची, अकरावी शिकलेली, म्हणजे स्वतःच्या मते विदुषी. विदुषीने तोड काढली: झाडच नको, म्हणजे बैठकही नको. सासूबाई आंघोळीला गेल्या की भाताची उकळती पेज मुळाशी ओतायची. पंधरा दिवसांत झुडूप वाळलं.

सासूबाई काकूंना म्हणाल्या, "तूच ओरबाडून मारलंस. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. इतक्या मन लावून जन्मात निवडले नव्हते.

जिंकले! आता सासूबाईंना बोलायला घरात उरले फक्त मी, आणि माझ्याशी त्यांना बोलायचं नव्हतं. थंडी आली, धाप लागायला लागली. काकूंच्या दारात पूर्वी नेऊन लावलेली आमच्याच अडुळशाची फांदी कमरेएवढी वाढलेली. दोनदा त्या पानं घेऊन आल्या. सासूबाईंनी दार लावून घेतलं. माझ्या एका वाक्याने ते उघडलं असतं. ते वाक्य रोज घशाशी यायचं आणि मी वरून चहा प्यायचे.

तिसऱ्या थंडीत सासूबाई गेल्या. तेराव्याला काकू एक फांदी घेऊन आल्या.

"लाव दारात. आणि पेज गार करून घाल हो, सूनबाई."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझी खिडकी काय भिंतीत उघडते?"

"मग आईंना सांगितलं का नाहीत?"

"माझं तिने ऐकलं नसतं. तू सांगशील म्हणून थांबले. तीन हिवाळे."

त्याच फांदीचा अडुळसा आता डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर, कुंडीत आहे. दमा मला आहे. सून पानं वाफवून रस आणते आणि म्हणते, "आई, झाडांना तुमचा हात किती चांगला!"

मी तोंड वाकडं करते. तिला वाटतं, रस कडू आहे.