थोरलीचे हात

माझी सासू साळूबाई जन्मात कुणापुढे वाकली नाही. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. निरगुडसरात आत्याच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तिला न जुमानणारं एकच माणूस, लोणीला दिलेली तिची धाकटी बहीण तुकाबाई.

तुकाबाईचा नवरा सत्त्याण्णव साली गेला, तेव्हा ती ऐन पस्तिशीत होती. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या विधवेनंच फोडायच्या, सवाष्ण त्याला हात लावत नाही. आत्या आधीच विधवा, त्यात सख्खी बहीण. तुकाबाई हात जोडून म्हणाली होती, "आक्का, राहू दे गं." अंगण माणसांनी भरलं होतं. आत्यानं दगड उचलला आणि फोडल्या. त्यानंतर तुकाबाईनं आमचा उंबरा ओलांडला नाही. आत्याचा जीव तिच्यासाठी तुटायचा, मी रोज बघत होते. पण "थोरलीनं का जायाचं? यील तीच," हा हेका सुटत नव्हता. मला तर संताप यायचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात पुण्याहून सिनेमावाले आले. हिरो नाही, नाचगाणं नाही. कुठल्याशा कादंबरीवरून दोन बहिणींचा पिक्चर. त्यात थोरली धाकटीच्या बांगड्या फोडते. थोरलीचं काम करणाऱ्या नटीचे हात फार मऊ. जवळून दाखवायला राबलेले हात हवेत, असं दिग्दर्शिका श्रेयाताईंचं म्हणणं. गावातल्या सवाष्णी कानावर हात ठेवून पळाल्या. मग श्रेयाताई आत्याकडे आल्या.

"खोटंच तर हाय," म्हणून आत्या तयार झाली. मी नको म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली. दुसऱ्या दिवशी ही बातमी लोणीला पोचली.

शेजारच्या चिमाजींच्या अंगणात शूटिंग होतं. आत्याला त्यांनी थोरलीचं पांढरं लुगडं नेसवलं. बघायला सगळा गाव लोटला होता, आणि पुढेच, हाताची घडी घालून, तुकाबाई उभी होती. सकाळच्या एसटीनं आली असावी. बहिणीनं खोटं का होईना, पुन्हा तेच केलं, तर हे नातं कायमचं तुटणार होतं. आत्यानंही तिला बघितलं. दगड धरलेला हात खाली गेला, पुन्हा वर आला.

श्रेयाताईंनी खूण केली. धाकटीचं काम करणारी पोरगी रडत होती, तिचा हात पाट्यावर टेकवलेला. आत्यानं दगड बाजूला ठेवला आणि पोरीच्या मुठीची बोटं आवळून बांगड्या एकेक करून अलगद उतरवायला लागली.

"कट! आजी, फोडायच्यात. कादंबरीत तसंच आहे," श्रेयाताई म्हणाल्या.

"आसंल. माझ्या हातनं व्हणार न्हाई."

मला वाटलं, आता तुकाबाईचं मन वितळेल. आत्यालाही तसंच वाटलं असणार, तिची मान आशेनं वळली.

"परक्या पोरीसाठी हात थांबला व्हय, आक्का?" तुकाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "मी तर तुज्या पाठची व्हते."

आत्याचा चेहरा पडला. "तवा भ्याले मी, तुके. मानसं बघत व्हती."

"आताबी बघत्यात की."

आत्यानं सगळ्या अंगणावर नजर फिरवली. या बाईला खाली मान घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बघू द्यात," ती म्हणाली. "चुकलं माझं. तू हात जोडलं व्हतंस आन मी ऐकलं न्हाई. लई चुकलं."

तुकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या घरी न्हाई यायची मी. तुला यायचं तर तू ये लोणीला." एवढं बोलून ती स्टँडच्या वाटेला लागली.

मी मनात म्हटलं, संपलं. आत्या आणि जाईल?

आत्या उठली. "शेळ्यांना पानी दाव," मला म्हणाली आणि चालायला लागली. मागून सिनेमाचा माणूस ओरडत होता, "आजी, अहो लुगडं आमचं आहे!" तिनं वळूनही पाहिलं नाही. स्टँडवर लोणीची गाडी लागलीच होती. तुकाबाई चढली, तिच्यामागून दांडा धरून पांढऱ्या लुगड्यातली आत्या चढली.