दिगूकाकांचा जहाजी जिना

धुकं हळूहळू वर गेलं आणि समोर जहाज उभं राहिलं. पाण्यात नव्हे, चिखलात. सात मजली उंच, गंजानं तांबडं झालेलं, आणि पुढची बाजू पार कापून नेलेली. त्यामुळे आतले मजले, खोल्या, गॅलऱ्या सगळं प्रेक्षकांसाठी उघडं मांडून ठेवल्यासारखं. मागं समुद्र, उजव्या अंगाला क्रेन, डाव्या अंगाला लोखंड कापणाऱ्यांच्या ठिणग्यांचा फवारा, आणि प्रकाशयोजना साक्षात सूर्याची. असा सेट कुठल्या रंगमंदिरात कुणी पाहिला असेल तर त्यानं खुशाल हात वर करावा!

गुजरातच्या किनाऱ्यावरचं जहाजं तोडण्याचं हे यार्ड बघायला पुण्याहून बावीस इंजिनीअर आले होते. तेविसावे होते दिगंबर पांचाळ ऊर्फ दिगूकाका. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कसबा पेठ, हातात सुतारकी आणि उभी हयात नाटकांच्या नेपथ्यात गेलेली. त्यांची पुतणी वल्लरी त्या बावीस जणांतली. परवानगीच्या अर्जात तिनं हट्टानं काकांचं नाव घातलं होतं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायांत यार्डानं दिलेले दोन नंबर मोठे बूट आणि शर्टाच्या खिशात मोजपट्टीचा टेप, अशा थाटात काका चालले होते.

"काका, टेप कशाला आणलात?" वल्लरीनं विचारलं.

"काम आहे," काका म्हणाले.

काम एकेचाळीस वर्षं जुनं होतं. तेव्हा एका नाटकाचे तिन्ही अंक जहाजावर घडत होते आणि ते जहाज काकांनी बांधलं होतं. पडदा वर गेला की नटानं तोंड उघडण्याआधीच टाळ्या पडायच्या. पण बांधणाऱ्यानं जहाज कधी पाहिलंच नव्हतं. समुद्रसुद्धा त्यांनी पाहिलेला तो गणपतीपुळ्याला, गुडघ्यापर्यंत. निर्मात्यांनी नमुना म्हणून एक कॅलेंडर दिलं. त्यातल्या चित्रात जहाज होतं, पण जिना कुठं दिसत नव्हता. मग काकांनी आपल्या कसब्यातल्या घराचाच जिना मोजला. पायरीची उंची नऊ इंच, पाऊल ठेवायला सहा इंच, असा उभा, छातीवर येणारा. तोच रंगवला पांढरा आणि चढवला जहाजावर.

दुसऱ्या आठवड्यात आगटे सरांचं परीक्षण आलं. गोपाळकृष्ण आगटे म्हणजे शाळेत इतिहास शिकवणारे आणि रविवारी पेपरातून नाटकवाल्यांना शिकवणारे. त्यांनी लिहिलं, 'नेपथ्य देखणे. मात्र जहाजाचा जिना पुण्यातल्या माडीचा वाटतो.'

खोटं असतं तर काका भांडले असते. ते खरं होतं, म्हणून रुतलं. नाटकाचे दीडशे प्रयोग झाले, पुढं काकांनी राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, पण कुणी त्या जहाजाचं कौतुक केलं की ते विषय बदलायचे. हे ठाऊक होतं फक्त द्वारकाकाकूंना. निघताना त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "एकदाचं बघून या. चूक निघाली तर तिथंच समुद्रात टाका. घरी आणू नका."

यार्ड दाखवणारे घनश्यामभाई सांगत होते, "पहले फर्निचर निकलता है, फिर वायरिंग, फिर ऊपर से काटते काटते नीचे."

"म्हणजे शेवटी लावलेलं आधी काढायचं," काका खूश होऊन म्हणाले. "आमचंही तसंच की! कितने दिन लगते हैं?"

"छह महीना, दादा."

"हमको चालीस मिनिट!"

बावीस इंजिनीअर हसले. घनश्यामभाईंनी मात्र गंभीरपणे हात जोडले. त्यांना कुणीतरी आधी सांगितलं होतं की, हे पुण्याचे फार मोठे जहाज बांधणारे आहेत.

थोडं पुढं, कापून जमिनीवर उतरवलेला जहाजाचा एक दोनमजली तुकडा होता. खलाशांच्या राहण्याच्या खोल्या. आणि त्याच्या पोटात जिना. काका थबकले. छातीत असं धडधडायला लागलं, जसं तिसरी घंटा झाल्यावर व्हायचं. कापलेल्या उघड्या बाजूनं आत जायची परवानगी मिळाली. काका वाकले, टेप ओढला, पायरीला लावला आणि चष्मा वर करून पाहिलं. मग दुसरी पायरी मोजली. मग तिसरी.

"वल्लरी, तू वाच गं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

"उंची सव्वानऊ इंच. पाऊल ठेवायला... सहा."

"परत वाच."

"सव्वानऊ, सहा. काय झालं, काका?"

"पाव इंचाचा फरक!" काका ओरडले. "अगं, जिना बरोबर होता! एकेचाळीस वर्षं बरोबर होता!" आणि तो जिना ते तीनदा चढले, तीनदा उतरले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा इंजिनीअरांनी टाळ्या वाजवल्या. मग जुन्या सवयीनं काका वाकून नमस्कार करत मागच्या मागं दारातून बाहेर पडायला गेले आणि धाडकन आदळले. हेल्मेट गडगडत गेलं.

"दादा! पाँव ऊँचा करना पड़ता है!" घनश्यामभाई धावले.

दाराला उंबरा होता. चांगला फूटभर उंच, पोलादी. लाटेचं पाणी आत शिरू नये म्हणून जहाजाच्या बाहेरच्या दारांना असा उंबरा असतो, असं त्यांनी समजावलं. काका खालीच बसून त्या उंबऱ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या जहाजाला चार दारं होती. चारही सपाट. नायिका तर सुळकन पळत जायची. दीडशे प्रयोग, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! काका हसायला लागले. ते हसू काही केल्या थांबेना.

पुण्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी काका नारायण पेठेत आगटे सरांच्या दारात उभे राहिले. सर आता अठ्ठ्याऐंशीचे. दार अर्धंच उघडून म्हणाले, "भेटायची वेळ चार ते पाच. साडेचार झालेत. अर्धा तास आपला. या."

काकांनी फोटो दाखवले, मापं सांगितली. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"पांचाळ, खरं सांगू का? जहाज मीही पाहिलेलं नव्हतं. आमच्या माडीच्या जिन्यावर माझा गुडघा फुटला होता त्या आठवड्यात. त्या रागात लिहिलं."

काकांना इथं उठता आलं असतं. डाव जिंकलेला होता. पण गडी उठेना.

"सर, माझी एक चूक झालीच होती," ते म्हणाले आणि त्यांनी उंबऱ्याचं सांगून टाकलं.

आगटे सरांचा चेहरा पडला. "चार दारं? आणि मला दिसलं नाही? पहिल्या रांगेत बसलो होतो मी!"

"कुणालाच दिसलं नाही हो."

"कुणाचं काय सांगता, मी परीक्षक होतो!" सर तळमळून म्हणाले. मग हळूच भिंग पुन्हा उचललं. "केवढा उंच म्हणालात? दाखवा बरं तो फोटो. यात नीट कळत नाही हो. प्रत्यक्षच बघायला हवं."

"आमची इंजिनीअर मंडळी पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहेत. चला की बरोबर."

"मी? या वयात? लोक हसतील, पांचाळ."

"चला हो सर! तिथं आलेली जहाजं तरी कुठं तरुण असतात?"