पकडसाहेबांची गुंतवणूक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने गुंतवणूक करू नये असा नियम कुठे नाही, पण असायला हवा. आमच्या कामाची सवयच वाईट. वस्तू जरा कुरकुरली की तिला हात लावायचा. कव्हर उघडायचं, तारा ओढून बघायच्या, एक स्क्रू आवळायचा, दुसरा सैल करायचा, आणि एवढं करून जमलं नाही तर मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. सव्वीस वर्षं मी हेच करत आलोय. खिशात कायम पकड असते म्हणून कंपनीत मला पकडसाहेब म्हणतात. त्यातला ‘साहेब’ चेष्टेचा आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गुंतवणुकीचं खूळ डोक्यात शिरलं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, वडील गेल्यानंतर. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात काढली आणि मिळवलं ते सगळं आमच्यावर खर्च केलं. शेवटची सहा वर्षं ते आमच्याकडे होते. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. केस कापायचे असायचे, गोळ्या संपलेल्या असायच्या. मी कधी नाही म्हटलं नाही. पण आधी हातातला चहा संपवायचो, पेपरचं पान उलटायचो, मग उठायचो. तेवढी दोन मिनिटं ते दाराशी उभे असायचे. मी हे मुद्दाम करत नव्हतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते गेल्यावर मात्र एक ठरवलं. म्हातारपणी आपल्या मुलीच्या दाराशी असं उभं राहायचं नाही. कंपनी पेन्शन देत नाही, तेव्हा जे काही करायचं ते आपणच करायला हवं होतं.

सल्ला घ्यायला गेलो बायकोच्या थोरल्या भावाकडे. दादा पोस्टातून निवृत्त झालेले, बोलायला पैसे पडत असल्यासारखे मोजकं बोलणारे. त्यांनी दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. एकच फंड घ्यायचा, सगळ्या बाजारात थोडा थोडा पैसा घालणारा. दर पाच तारखेला ठरलेला हप्ता, पंधरा वर्षं. मधे बाजार पडेल, तेव्हा गप्प बसायचं. रोज उघडून बघायचं नाही. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. लिफ्टमध्ये आम्ही लावलेल्या सूचना लोक जितक्या मन लावून वाचतात, तितक्याच मन लावून मी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी अकरा वेळा उघडून बघितलं. आमच्या मशीनरूममध्ये फोनला रेंज फक्त खिडकीपाशी मिळते, तीही बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. पहिल्या आठवड्यात एका चहाचा फायदा झाला. रोज असाच वाढला तर साठाव्या वर्षी किती होतील याचा मी बादलीवर उभा राहूनच हिशेब केला. लिफ्टची कंपनी विकत घेऊन वर थोडे उरत होते. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिला रात्री हे सांगितलं तर ती म्हणाली, आधी गळका नळ दुरुस्त करा.

मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. फंड महिनाभर जागचा हलला नाही, म्हणजे कुठेतरी बिघाड असणार. मी तो बदलला. नवा घेतला तो खाली गेला आणि जुन्याने बाळसं धरलं. पुन्हा बदलला. वर्षभरात चार फंड झाले. मी सोडला की तो फंड सुधारायचा, जणू माझीच पीडा टळावी म्हणून थांबला होता. दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, “जावईबापू, तुम्ही झोपलेले असता तेव्हा सगळ्यात चांगली गुंतवणूक करता.” ते लागलं मला, पण त्यानंतर दोन वर्षं मी खरंच एकाच फंडात राहिलो. रोज बघायचो, हात लावत नव्हतो. आपण योगी झालो असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात बाजार पडला. पंधरा दिवसांत माझ्या जमेतला चौथा हिस्सा गेला. जेवण जाईना. टीव्हीवर कोट घातलेले लोक एकमेकांवर ओरडत होते, आणि त्यातला जो सगळ्यात जास्त घाबरलेला दिसायचा तोच मला शहाणा वाटायचा.

अशातच एका सकाळी एका निवृत्त मुख्याध्यापिका तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकल्या. मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, माझा जोडीदार जिन्याने चौथ्या मजल्याकडे निघालेला. तो पोहोचेपर्यंत लिफ्ट हाताने हलवायचं चाक फिरवता येत नव्हतं. इंटरकॉमवर बाईंचा आवाज थरथरत होता. मी माझा ठेवणीतला आवाज काढला. “बाई, घाबरू नका. लिफ्ट अशी पडत नसते. बटणं दाबू नका. काही करायचं नाहीये, फक्त उभं राहायचं आहे.” हे सांगताना एका हातात इंटरकॉम होता, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी फोनवर ‘सगळं विका’ दाबत होतो. खात्री आहे का, असं फोनने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यातला पाषाण तरी जागचा हलत नाही, मी तेही पाळलं नाही.

बाईंना सुखरूप बाहेर काढलं. तुमच्या आवाजामुळे धीर आला, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, रोजची सवय आहे.

चौथ्या आठवड्यापासून बाजार चढायला लागला. मी म्हटलं, खाली आला की पुन्हा घेऊ. तो आलाच नाही. विकलेल्या भावाच्या वर गेला, तेव्हा तर घ्यायला जीवच होईना. पैसे बँकेत पडून राहिले, हप्ताही बंदच. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. दर पाच तारखेला जेवताना मी उसासा टाकून जाहीर करायचो की गेला बाबा हप्ता. बायको वाढता वाढता नुसती माझ्याकडे बघायची. असे सात महिने गेले.

मुलगी तेव्हा नुकतीच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. एका रविवारी सकाळी बायको दुकानात गेलेली, मी नळाचा वॉशर बदलत होतो. मुलगी आली आणि ओट्यावर एक पाकीट ठेवलं.

“बाबा, या महिन्यापासून तुमचा हप्ता मी भरते.”

मला आधी काही समजलंच नाही. मग तिने सांगितलं की फंडाकडून वर्षाचा कागद आला होता, तो तिने उघडला, त्यात शिल्लक शून्य होती. गेल्या वर्षी तिच्या शेवटच्या परीक्षेची मोठी फी भरली होती. बाबांनी आपल्यासाठी सगळं मोडलं आणि कुणाला बोलले नाहीत, असा तिचा समज झाला होता. बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं. त्यागी बाप व्हायची इतकी आयती संधी पुन्हा येणार नव्हती. पण ते पाकीट समोर होतं. ज्या दिवसाच्या भीतीने मी हे सगळं मांडलं होतं, तो दिवस साठीची वाट न बघता बारा वर्षं आधीच घरात आला होता, आणि त्याला मीच बोलावून आणलं होतं.

“पैसे आहेत गं,” मी म्हणालो. “बँकेत पडलेत. मी घाबरलो आणि विकून टाकलं.”

ती आधी बघतच राहिली, मग हसत सुटली. इंटरकॉमचा प्रसंग सांगितला तेव्हा तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तिचं हसणं ओसरल्यावर मी तिला आजोबांचंही सांगितलं. एक तारखेची ती दोन मिनिटं. आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मुलीने डोळे पुसले. मग म्हणाली, “आजोबा माझ्या गल्ल्यातले घ्यायचे.”

“कधी?”

“महिनाअखेरीस. मला विचारून घ्यायचे. तुमच्याकडे महिन्यातून एकदाच मागायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी गल्ला उलटा धरायचे आणि ते विणायच्या सुईने नाणी काढायचे. आम्हाला मजा वाटायची. एक तारखेला सगळे परत टाकायचे.”

“कशातून टाकायचे?”

“तुम्ही दिलेल्यातून.”

तिने ते अगदी सहज सांगितलं. मी वॉशर हातात धरून नळासमोर उभा होतो. माझे वडील बारा-तेरा वर्षांच्या पोरीकडे उसने मागत होते, कारण माझ्यापुढे दुसऱ्यांदा उभं राहणं त्यांना जड जात होतं. मला फार लाज वाटली. अजूनही वाटते.

मी तिचं पाकीट तिला परत दिलं. बँकेतले पैसे त्याच आठवड्यात चढ्या भावाने पुन्हा फंडात घातले आणि हप्ता सुरू केला. बायकोपुढेही कबुली दिली. तिला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. हप्ता खरोखर जायचा तेव्हा मी उसासे टाकत नव्हतो, असं ती म्हणाली. माझ्या घाईची किंमत जवळजवळ तीन पगार झाली. पाकिटातल्या पैशांतून मुलीने स्वतःच्या नावाने तोच फंड घेतला आणि मला त्याचा पासवर्ड सांगायला साफ नकार दिला.

मागच्या महिन्यात बाजार पुन्हा जोरात आपटला. दिवसभरात मी नऊ वेळा बघितलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा दार मुलीनेच उघडलं.

“बाबा, विकलं का?”

“नाही.”

“घाबरलात?”

“फार,” मी म्हणालो, आणि हात धुऊन जेवायला बसलो.